स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळून घेणाऱ्या वाडीचा गौरव कसा करावा?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपल्या वाडीतील एका आजींना गेली तीन-चार वर्षे स्मृतिभ्रंश आहे. मुलगा मुंबईस नोकरीला, घरी सून आणि शाळकरी नातू. तिठ्यावरचा दुकानदार, एसटीचे कंडक्टर, आशाताई आणि शेजारपाजारचे सगळे आजींना सांभाळून घेतात. आता ग्रामस्थ मंडळाच्या मनात आहे की २१ सप्टेंबर या जागतिक अल्झायमर दिनी, चाकरमानी गावात असतानाच, या मंडळींचा जाहीर सत्कार करावा. निकष काय असावेत, पुरस्कार किती जणांना द्यावेत आणि आजींना व्यासपीठावर बसवावे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

माझ्या मते या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कोणी न सांगता, कोणाला न दाखवता जी मदत आज चालू आहे, तिची दखल कशी घेतली म्हणजे ती पुढेही चालू राहील आणि आजींना किंवा त्यांच्या सुनेला त्याचा त्रास होणार नाही? मी गेली २२ वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे यांच्यासोबत समाजकार्य करते आहे. माझे उत्तर त्या अनुभवातून आले आहे, त्यामुळे ते काहीसे लांबेल.

काही गोष्टी आपल्याकडील परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. आजींच्या आजाराचे निदान डॉक्टरांनी केले आहे, की वाडीनेच तसे ठरवले आहे, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. आपल्याकडे ‘वय झाले, विसरायचेच’ किंवा ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून पुष्कळ वेळा विषय तिथेच संपवला जातो. परंतु थायरॉइडचा विकार, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे, पडल्यामुळे डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, अशा अनेक कारणांनी वृद्ध माणूस स्मृतिभ्रंश झाल्यासारखा वागू शकतो आणि यांतील बरीच कारणे उपचारांनी दूर होण्यासारखी असतात. तपासणी झालेली नसेल तर सत्काराचा बेत बाजूला ठेवून आधी ती करून घ्यावी. मंडळाने गाडीची सोय करून आजींना आणि सुनेला जिल्हा रुग्णालयात नेऊन आणले, तर तोसुद्धा मोठा हातभार ठरेल. निदान झालेले असेल, तर ते जाहीरपणे बोलले जावे याला घरच्यांची तयारी आहे का, हे पाहावे. वाडीत सर्वांना ठाऊक असणे आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाणे यांत फार अंतर आहे. घरात लग्नाची मुलगी असेल, भावकीत जमिनीचा वाद चालू असेल, तर ‘आजींना काही समजत नाही’ हे वाक्य कुठल्या कुठे जाऊन पोहोचते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण आपला बेत तिच्या अगदी जवळ जाणारा आहे. सुमारे १५ वर्षांपूर्वी दक्षिण रत्नागिरीतील एका गावात मी स्वतः पुढाकार घेऊन असाच सत्कार घडवून आणला होता. स्मृतिभ्रंश झालेले एक निवृत्त गुरुजी आषाढातल्या एका रात्री घरातून निघून गेले होते आणि चार तरुणांनी त्यांना पहाटे काजूच्या बागेतून सुखरूप परत आणले होते. देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम झाला. गुरुजींना पहिल्या खुर्चीवर बसवून त्यांच्या खांद्यावर शाल घातली. वक्त्यांनी ती रात्र अगदी रंगवून सांगितली: गुरुजी चिखलात कसे बसले होते, त्यांना स्वतःचे नावही कसे आठवत नव्हते. गुरुजींना शब्दांचा अर्थ किती लागला ते मला सांगता येणार नाही, पण दीडशे माणसे आपल्याकडे पाहत आहेत हे त्यांना नक्की कळत होते. त्यांनी शाल खांद्यावरून काढली, दोन्ही टोके जुळवून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून ‘घरी जाऊया’ असे म्हणत ते चालू लागले. त्यांच्या पत्नी त्यांच्यामागे गेल्या. त्यामुळे श्रीफळे दिली गेली तेव्हा, सहा वर्षे रात्रीचा दिवस करणारी ती बाई तिथे नव्हती, आणि सत्काराच्या यादीत तिचे नावही मी घातले नव्हते. त्या रात्री बागेतला आवाज ऐकून कंदील घेऊन बाहेर आलेल्या आणि तरुणांना हाक मारणाऱ्या शेजारीणबाईंचे नावसुद्धा यादीत नव्हते. पुढे गुरुजींच्या पत्नींनी त्यांना संध्याकाळचे देवळात पाठवणे बंद केले. गावाने त्यांना सांभाळले म्हणून मी सत्कार केला, आणि त्या सत्कारामुळे गुरुजींचा गावात वावरच संपला. याचे दुःख मला आजही आहे.

त्या प्रसंगानंतर मी दखल घेण्याचा विचार उलट्या बाजूने करू लागले. हरवलेल्या माणसाला शोधून आणणे ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण तो एका रात्रीचा पराक्रम असतो आणि त्याची दखल आपोआप घेतली जाते. ज्या मदतीमुळे माणूस हरवतच नाही, ती मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मालवणच्या बाजूच्या एका गावातले दुकान माझ्या चांगले लक्षात आहे. तिथे एक काकी दिवसातून दोन-तीनदा साखर घ्यायला यायच्या, कारण मघाशी येऊन गेल्याची आठवण त्यांना राहत नसे. दुकानदाराने त्यांना एकदाही ‘आताच तर नेलीत ना’ असे म्हटले नाही. त्याने पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून वेगळ्या डब्यात ठेवल्या होत्या आणि उधारीच्या वहीत काकींच्या नावाचे एक पान राखले होते. प्रत्येक खेपेला तो एक पुडी द्यायचा, काकी देतील ते पैसे घ्यायचा आणि पानावर एक उभी रेघ ओढायचा. संध्याकाळी नातू न फोडलेल्या पुड्या परत आणून द्यायचा, तेव्हा तितक्या रेघांवर आडवी रेघ पडायची, आणि शनिवारी सुनेबरोबर पैशांचा हिशेब व्हायचा. मी ते पान पाहिले आहे. एका महिन्यात त्यावर ६० हून अधिक रेघा होत्या.

ही युक्ती इतकी योग्य का होती, तेही सांगायला हवे. स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरच्या आजारात, ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, तर जुन्या सवयी आणि हातांना वळण पडलेली कामे बराच काळ टिकतात. पाय दुकानाची वाट चालतात, हात पैसे पुढे करतात. मागची खेप तेवढी आठवत नाही. अशा माणसाला चारचौघांत चूक दाखवली, तर काय बोलले गेले ते तो थोड्या वेळात विसरतो, पण झालेला अपमान आणि त्यातून आलेली अस्वस्थता मागे उरते. मग घरी गेल्यावर कारण सांगता न येणारी चिडचिड सुरू होते आणि ती सुनेच्या वाट्याला येते. त्या दुकानदाराच्या साध्या पुडीमुळे काकींचा मान राहिला, त्यांचे चालणे-फिरणे सुरू राहिले आणि सुनेची संध्याकाळ शांत गेली.

आपल्या वाडीतही असे पुष्कळ काही घडत असणार. विहिरीवर भेटलेली शेजारीण ‘आजी, खंय चललात?’ असे विचारते आणि ‘घराक’ असे उत्तर आल्यावर ‘हेच तुमचे घर’ म्हणून वाद न घालता ‘येवा, च्या घेवा नि मगे जावा’ असे म्हणून त्यांना पडवीत बसवते. माहेरी जायला निघालेल्या आजींना कंडक्टर गाडीतून खाली न उतरवता दोन थांबे सोबत नेतो आणि परतीच्या गाडीतल्या सहकाऱ्याच्या हवाली करतो. आपल्याकडची दगडी पायऱ्यांची पाखाडी, कठडा नसलेली जुनी विहीर, पावसात दुथडी भरणारा पऱ्या, गावालगतचा रेल्वेमार्ग हे सारे ध्यानात घेतले, म्हणजे पडवीतला तो चहा किती मोलाचा आहे ते कळेल. समोरून जाऊन, हळू आवाजात, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारणे, वाद न घालता थोडे अंतर बरोबर चालणे आणि मग वाट बदलणे, हेच आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. तुमच्या शेजारणीला ते न शिकवता येते. मग दखल घ्यायची ती याची, आणि जे तिला येते ते बाकीच्यांना शिकवायचे.

म्हणून निकष ठरवण्यासाठी समिती नेमण्याआधी सुनेकडे जावे, आणि मंडळातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईने एकटीने जावे. तिला एकच प्रश्न विचारावा: ‘कोणामुळे तुझा दिवस सोपा जातो?’ उत्तर लगेच येणार नाही. तिला बोलू द्यावे. आपल्या यादीत नसलेली नावे त्या बोलण्यातून निघतील: एखादी कामाला येणारी बाई, टपाल देणारा, शाळेतून येताना रोज आजींना हाक मारणारी मुले. सगळ्यांत पहिले नाव अर्थातच सुनेचे लिहावे. मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या मुलाचे कष्टही खरेच आहेत, पण आपल्याकडच्या सत्कारात त्याला हार मिळतो आणि रात्री तीन वेळा उठणारी सून आत चहा करत असते. हे मी इतक्यांदा पाहिले आहे, की या बाबतीत मंडळाने पक्षपात केला तरी तो सुनेच्याच बाजूने करावा.

पुरस्कार किती द्यावेत या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: क्रमांक लावू नयेत. मानपानाची गोष्ट आपल्या गावांत किती नाजूक असते, ते शिमग्याच्या पालखीला खांदा देणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एकाला ‘उत्कृष्ट सेवा’ म्हणून चषक दिला, की दुसरा मनातून मागे सरतो आणि तिसऱ्याला वाटते, आता हे त्याचेच काम. एका ठिकाणी पुरस्कार मिळालेल्या शेजाऱ्याच्या दारातच आजोबांना आणून सोडण्याचा प्रघात पडला आणि चार महिन्यांत तो भला माणूस थकून गेला. मदत दहा जणांत वाटलेली होती म्हणूनच ती चालली होती. त्यामुळे गौरव करायचा तर तो वाडीचा, तिठ्याचा, आगाराच्या कर्मचाऱ्यांचा असा एकत्र करावा, आणि कोणी नेमके काय केले ते नावानिशी, पण थोडक्यात आणि रंग न चढवता वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याला ‘हे मलाही जमेल’ असे वाटले पाहिजे.

बाहेरच्या जगातही अशा कामाची दखल घेण्याचे काही चांगले मार्ग निघाले आहेत. जपानमध्ये २००४ साली या आजाराचे जुने, हिणवणारे नाव सरकारने बदलले आणि २००५ पासून सामान्य नागरिकांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण देऊन ‘स्मृतिभ्रंश साहाय्यक’ म्हणण्यास सुरुवात झाली. सुरुवातीची बरीच वर्षे त्यांना मनगटात घालायला नारिंगी कडे मिळत असे. दुकानदार, बँकेतले लोक, शाळकरी मुले अशा सगळ्यांनी हे प्रशिक्षण घेतले असून त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. ते कडे पाहून गोंधळलेल्या माणसाच्या सोबत्याला कळत असे, की इथे मदत मागायला हरकत नाही. बेल्जियममधील ब्रुज शहरात दुकानांच्या काचेवर गाठ मारलेल्या रुमालाचे चिन्ह लावतात. तिथेही लक्षात राहावे म्हणून रुमालाला गाठ मारण्याची जुनी पद्धत आहे. हे वाचले तेव्हा मला आपला ‘खूणगाठ’ हा शब्द आठवला. पदराला किंवा उपरण्याला मारलेली गाठ आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. आपल्या मंडळाने शाल-श्रीफळाऐवजी गाठ मारलेल्या पदराचे एक साधे चित्र रंगवून घ्यावे आणि दुकाने, गिरणी, रेशन दुकान, रिक्षा यांच्या ज्या मालकांनी तासाभराची माहिती ऐकली असेल, त्यांच्याकडे ते लावावे. ते माहितीचे सत्र आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर मिळून घेऊ शकतील. त्या चित्रात सन्मानही आहे आणि पुढची जबाबदारीही आहे, आणि कोणत्याही एका रुग्णाचे नाव त्यात येत नाही.

हे चिन्ह आजींपुरते नसेल, हेही मंडळाला सांगावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० वर्षे आणि त्यापुढील वयाच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आहे. तरुण मुंबईला आणि वृद्ध गावात, अशी ज्या वाडीची रचना आहे, तिथे आणखी दोन-तीन घरांत हा आजार कोणी न बोलता सोसला जात असणे सहज शक्य आहे. दारावरचे चित्र पाहून त्यांतले एखादे घर बोलू लागेल.

मंडळाकडे खर्चाला पैसे असतील, तर ते सन्मानचिन्हांवर घालवू नयेत. विहिरीला कठडा आणि झाकण करावे, पाखाडीच्या उतारावर लोखंडी आधार आणि दिवा लावावा, आजींच्या नेहमीच्या कपड्यांना आतून नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची पट्टी शिवून द्यावी. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ या दोन शासकीय मदतवाहिन्यांचे क्रमांक तिठ्यावर ठळक अक्षरांत लिहून घ्यावेत. त्याहीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे सुनेची एक मोकळी दुपार. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दोन बायकांनी तीन तास आजींजवळ बसावे, म्हणजे सुनेला बाजार करता येईल, माहेरी डोकावता येईल किंवा नुसते झोपता येईल. एका काळजी घेणाऱ्या बाईंना आम्ही सत्कार म्हणून काय हवे ते विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला एकदा केस धुऊन उन्हात वाळवत बसायचे आहे.’ त्यांच्या वाडीने मंगळवारची दुपार वाटून घेतली आणि ती दोन वर्षे पाळली. माझ्या कामात मी पाहिलेला सर्वांत मोठा सत्कार हाच.

आता आजींना व्यासपीठावर बसवण्याविषयी. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यांना कार्यक्रमापासून दूर ठेवावे असे मी म्हणत नाही. आधी त्यांना स्वतःला विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला काहीच ठरवता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळांची सकाळची वेळ बरी असते आणि दिवस कलल्यावर गोंधळ वाढतो, म्हणून सकाळी, ओळखीच्या माणसाने, सोप्या शब्दांत विचारावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून पाहावे. चेहऱ्यावर नाराजी दिसली तर तोही नकारच समजावा. छायाचित्रांचेही तसेच. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपली माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला आहे. तो कायदा उपचारांच्या संदर्भात बोलतो. पण वाडीच्या व्हॉट्सॲप गटानेही तोच नियम पाळावा, इतका तो वाजवी आहे. कार्यक्रम सकाळी, अर्ध्या-पाऊण तासाचा, ध्वनिक्षेपकाशिवाय, शक्यतो कोणाच्या तरी खळ्यात ठेवावा आणि आजी केव्हाही उठून जाऊ शकतील अशा जागी, सुनेच्या शेजारी बसाव्यात.

त्यांना तिथे काही करायला मिळाले, तर फारच चांगले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एका रापणीच्या संघात एक वृद्ध काका होते, त्यांना मुलांची नावे आठवत नसत. पण पहाटे होडीने जाळ्याचा वेढा टाकून झाला आणि किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोर ओढायला माणसे लागली, की कोणीतरी दोर त्यांच्या हातात द्यायचे. मग त्यांचे पाय वाळूत रोवले जात, पाठ मागे झुके आणि इतरांच्या तालात तो दोर ते न चुकता ओढत. पूर्वीच्या बळाने नव्हे, हे सर्वांना कळत होते. तरीही मासळीची वाटणी होताना त्यांचा वाटा इतरांसारखाच वाळूवर वेगळा काढला जाई आणि तो ते स्वतः टोपलीत भरून घरी नेत. त्या संघाने त्यांचा कधी सत्कार केला नाही आणि स्वतःचाही करून घेतला नाही. आपल्या आजींच्या हातांना काय येते, दूर्वांची जुडी बांधणे, वाती वळणे, हार गुंफणे की आणखी काही, तेही सुनेला त्याच भेटीत विचारून घ्यावे आणि त्या सकाळी लागणारे ते काम त्यांच्याकडे सोपवावे.